उपऱ्या शिंपल्याचा जीव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. डोकी फुटतात, टाके पडतात. टाक्यांऐवजी अशा जखमा चिकटवता आल्या तर?

ओल्या खडकालाही घट्ट धरून ठेवणाऱ्या शिंपल्याच्या धाग्यांत जे प्रथिन असतं, त्यापासून जखम सांधणारा डिंक करता येतो. मात्र शिंपल्यांतून थेट काढायचं तर १ ग्रॅमसाठी सुमारे १०,००० जीव लागतात. त्याच भागातल्या सौसरकडच्या, जीवहत्या टाळणाऱ्या माळकऱ्याला असं औषध चालेल?

उपद्रवी शिंपले वापरा, असं सुचवलं जातं. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा असाच एक उपरा शिंपला १९६०च्या दशकात विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबईच्या गोदीतही. पण त्याला आणलं माणसाच्या जहाजांनीच. दोष त्या जिवाचा नाही.

जीव वाचवायला जीव घेणं एकवेळ समजता येतं. इथे तीही सबब उरलेली नाही: कोरियातल्या शास्त्रज्ञांनी शिंपल्याचं चिकट प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतलं आहे. तोच मार्ग धरावा.