पूरक गोळ्या आणि एकट्याचा प्रयोग

म्हातारपण लांबावे आणि अंगात शक्ती राहावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांची पारख बहुतेक लोक स्वतःवरच करतात. महिना-दोन महिने गोळी घ्यायची, हुशारी वाटते का ते पाहायचे आणि पुढचे ठरवायचे. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र कोणा भोळ्या गिऱ्हाइकाच्या नावावर नाही. तो एका नामवंत शरीरशास्त्रज्ञाने केला होता.

शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हे पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांच्या जागी आलेले प्राध्यापक. १८८९ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि निष्कर्ष विद्वानांच्या सभेपुढे मांडले. पूर्वी प्रयोगशाळेत अर्धा तास काम केले की बसावे लागे. आता तासन्‌तास उभ्याने काम होत होते, जिना धावत चढता येत होता. नुसत्या वाटण्यावर ते थांबले नाहीत. हाताचा जोर त्यांनी मापकावर पाहिला, लघवीची धार किती लांब जाते हेसुद्धा मोजले. दोन्ही आकडे वाढलेले होते. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने अर्क काढून पाहिला, तर त्यात टेस्टोस्टेरॉन इतके नगण्य निघाले की त्याने काही होणे शक्यच नव्हते. वृषणात हे संप्रेरक साठून राहत नाही आणि पाण्यात फारसे उतरतही नाही. मापकाने खोटे सांगितले नव्हते. पण मापक दाबणाऱ्या हाताला आज जोर वाढलेला असणार हे आधीच ठाऊक होते.

अपेक्षेइतकाच फसवा असतो तो मुहूर्त. माणूस गोळी सुरू करतो ती अगदी गळून गेल्यावर, आणि थकवा तर आपोआपही ओसरतो. शिवाय गोळीबरोबर सकाळचे फिरणे आणि वेळेवर झोपणेही सुरू झालेले असते. यावर उपाय आहे: खरी आणि नकली गोळी दुसऱ्या कोणी चिठ्ठ्या टाकून आलटून-पालटून द्यायची, घेणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. घरात एवढा खटाटोप क्वचितच कोणी करतो.

शक्तीबद्दल निदान एवढे तरी करता येते. वार्धक्याचा दावा एकट्याच्या प्रयोगाच्या आवाक्यातच येत नाही, कारण तोच माणूस गोळीविना कसा म्हातारा झाला असता हे कधीच दिसत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. कर्करोग टळेल या आशेने दिलेल्या बीटा-कॅरोटीनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण उलट १८ टक्क्यांनी वाढले होते. त्यांतल्या कोणालाही स्वतःच्या अनुभवावरून हे उमगले नसते. तरीही बाजारात दोन्ही दावे एकाच डबीवर शेजारी-शेजारी छापलेले असतात, आणि आज वाटलेल्या तरतरीच्या भरवशावर वीस वर्षांनंतरचे आरोग्य विकले जाते.

कमतरता भरून काढण्याची गोष्ट वेगळी. बी-१२ जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना पुणे परिसरातल्या पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये ते कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते घटते. अशा माणसाचा थकवा किंवा पायांच्या मुंग्या गोळीने गेल्या, तर त्या अनुभवामागे कारण असते आणि ते रक्ततपासणीत दिसते. ज्याची पातळी मुळातच पुरेशी आहे, त्याला या उदाहरणाचा आधार घेता येत नाही.

तपासणीवरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. केस-नखांसाठी मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटिन काही प्रयोगशाळांत थायरॉइडचे आकडे बिघडवते, हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. त्यामुळे रक्त देण्यापूर्वी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगावे लागते. वैद्याने किंवा शेजाऱ्याने दिलेल्या, ‘औषध’ न वाटणाऱ्या गोळ्याही त्यात आल्या.