ओसरीवर जरा बसा

डोळे मिटू नका. नजर फक्त सैल सोडा.

हे गॉल आहे, श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. क्रिकेटचा सामना पाहताना मैदानामागे जो तट दिसतो, त्याच्या आत आपण आलो आहोत.

चर्च स्ट्रीटवर एक पांढरं घर आहे. त्याला लांब ओसरी आहे.

बसा.

श्वास घ्या. हवा खारी आहे. तशीच आत येऊ द्या.

भिंतीवर तळहात ठेवा. भर दुपारीही गार लागते. गॉलच्या जुन्या भिंतींत समुद्रातलं प्रवाळ आहे, चुना आहे. हात लगेच काढू नका.

१६८४. घर नवं आहे. इथे डच अधिकारी राहतात. बंदरातून दालचिनी निघते.

तो वास आठवा. मसाल्याचा डबा उघडल्यावर येतो, तोच. आणि साल सोलणारे हातही पाहा. ते वेठीला धरलेले आहेत. घाईने पुढे जाऊ नका. या घराचं वैभव त्या हातांचं आहे.

थांबा. श्वास सोडा.

एकोणिसावं शतक. आता धूर दिसतो. आगबोटी कोळशासाठी थांबतात, प्रवासी उतरतात, आणि घराचं हॉटेल होतं: न्यू ओरिएंटल. ओसरीवर पेट्या, पावलं, अनेक भाषा.

ऐका.

मग आवाज कमी होत जातात. १८७५ साली कोलंबोत लाटा अडवणाऱ्या बांधाची पायाभरणी होते, आणि हळूहळू मोठ्या बोटी तिकडे वळतात.

बंदर ओसरतं. हॉटेल मात्र उघडं राहतं. जवळजवळ शतकभर एकच कुटुंब ते सांभाळतं. मला या घराचा हाच काळ सगळ्यात मोलाचा वाटतो. गर्दी नाही, तरी दार उघडं.

या शांततेत थोडं बसून राहा. काही करायचं नाही.

२६ डिसेंबर २००४. त्सुनामी येते. तटाबाहेरचं बसस्थानक, बाजार, माणसं पाण्यात जातात. तटाच्या आतली बहुतेक घरं वाचतात. हेही वाचतं.

इथे एक श्वास त्या माणसांसाठी घ्या.

आज या घराला अमनगल्ला म्हणतात. हॉटेल महागडं आहे. पण कधी गॉलला गेलात, तर खोलीचा विचार सोडा, ओसरीवर एक चहा घ्या. मग चालत तटावर जा. बंदर तिथून दिसतं.