उपकाराची जाण आणि उपकाराचे ओझे

मराठीत उपकाराविषयी बोलताना दोन शब्दप्रयोग सहज तोंडी येतात, उपकाराची जाण आणि उपकाराचे ओझे. दोन्हींत उपकार तोच असतो, करणारा आणि घेणाराही तेच असू शकतात. तरी जाण ठेवणारा मोकळा वावरतो आणि ओझे वाहणारा दाता समोर दिसताच वाट बदलतो. कृतज्ञतेच्या सरावाने मनःस्वास्थ्य सुधारते असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. ते खरे आहे का, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, याचा विचार या भेदापासूनच सुरू करावा लागतो.

'कृतज्ञ' या शब्दाची फोड येथे उपयोगी पडते. 'कृत' म्हणजे जे केले गेले आहे ते, आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. म्हणजे या शब्दात भावनेचा निर्देशच नाही, आहे तो ज्ञानाचा. त्याच्या उलट 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा, जणू घडून गेलेली गोष्ट तो नाहीशी करू पाहतो. पाली वाङ्मयात 'कतञ्ञू' या शब्दाला 'कतवेदी' हा दुसरा शब्द जोडून येतो, त्यातला पहिला केलेले जाणणाऱ्यासाठी आणि दुसरा ती जाण आचरणातून प्रकट करणाऱ्यासाठी. आणि अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ म्हणून ज्या दोन प्रकारच्या माणसांची गणना होते, त्यांत आपणहून आधी उपकार करणाऱ्याबरोबर अशा माणसाचा समावेश आहे. दुर्मीळ का, याचे उत्तर मनाच्या सवयीत सापडते. अडचण स्वतः होऊन लक्ष वेधते, तर सोय अंगवळणी पडली की दिसेनाशी होते. समोरून येणारा वारा सायकलस्वाराला प्रत्येक क्षणी जाणवतो, पाठीमागून ढकलणारा वारा मात्र तो थोड्याच वेळात विसरतो. शाय दाविदाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६मध्ये नेमक्या याच उपमेच्या आधारे माणसाच्या स्वतःविषयीच्या हिशेबातली ही चूक मांडली. कृतज्ञतेचा सराव म्हणजे या अर्थाने चुकलेल्या हिशेबाची दुरुस्ती होय, आणि मनाला उभारी मिळते ती या दुरुस्तीतून.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांकडेही असेच पाहता येते. एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, तर दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानकारक वाटले. स्नायू व मज्जातंतूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्या प्रौढांनी २१ दिवस अशी नोंद ठेवली तेव्हा त्यांच्या झोपेतही सुधारणा दिसली. पुढच्या संशोधनाने या उत्साहाला आवर घातला, हेही सांगणे प्राप्त आहे. नैराश्य आणि चिंता यांवरचा अशा नोंदींचा परिणाम एकत्रित अभ्यासांत लहानच आढळला, त्यामुळे उपचाराच्या जागी कृतज्ञतेची वही देणे म्हणजे रुग्णाची फसवणूक ठरेल. शिवाय सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. नित्यनेमाच्या जपाचे जे होते तेच येथे झाले असावे, ओठ चालू राहतात आणि ध्यान दुसरीकडे जाते.

आता ओझ्याकडे वळता येईल. माणूस जन्मतःच ऋणी असतो, हा विचार वैदिक परंपरेत फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मणासाठी ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली असून अध्ययन, यज्ञ आणि संतती हे त्यांच्या फेडीचे मार्ग मानले आहेत; शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण मिळवले आणि आतिथ्याने ते फिटते असे मानले. कोणीही स्वयंभू नसतो, हे या कल्पनेचे मोठे सत्य आहे. पण ऋण ही देवघेवीच्या व्यवहारातली संज्ञा आहे आणि व्यवहारात फेडीनंतर संबंध संपतो. फेड होईपर्यंत तर तो संबंध जाचतच राहतो. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवले की दात्याकडून परतफेडीची अपेक्षा जितकी अधिक सूचित होते, तितकी घेणाऱ्याची ऋणीपणाची भावना वाढते आणि कृतज्ञता घटते. ॲरिस्टॉटलने वर्णिलेल्या थोर मनाच्या पुरुषाला उपकार घेण्याची लाज वाटते आणि केलेले उपकारच त्याच्या स्मरणात राहतात. ही थोरवी नसून ओझ्याचे भय आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

या कोंडीवर रामायणाच्या उत्तरकांडातला एक प्रसंग विलक्षण प्रकाश टाकतो. हनुमंताला निरोप देताना राम म्हणतो त्याचा आशय असा, की तुझे उपकार माझ्या ठायीच जिरून जावोत, कारण प्रत्युपकाराची पात्रता माणसाला संकटातच येते. म्हणजे परतफेडीची इच्छा धरणे हे उपकारकर्त्यावर संकट यावे अशी इच्छा धरण्यासारखे होय. येथे फेड हेतुपूर्वक सोडून दिली आहे, तरी जाण सुटलेली नाही, उलट ती रामाच्या अंगात भिनून राहणार आहे. मराठी ग्रंथांच्या प्रस्तावनांतून 'त्यांच्या ऋणातच राहणे आवडेल' असे जे ठरीव वाक्य भेटते, त्याचा मूळ अर्थही, वापरून गुळगुळीत झाला असला तरी, याच्या जवळचाच आहे.

जाणीवपूर्वक हिशेब मांडण्याची सर्वांत कठोर पद्धत जपानमध्ये घडली. योशिमोतो इशिन (१९१६–१९८८) हे बौद्धांच्या जोदो शिनशू संप्रदायातील साधक होते. त्यांनी अन्नपाणी आणि झोप वर्ज्य करणाऱ्या एका उग्र साधनेतून 'नाइकान' ही सौम्य पद्धत १९४०च्या दशकात तयार केली. 'नाइ' म्हणजे आत आणि 'कान' म्हणजे पाहणे. साधक आठवडाभर, पहाटेपासून रात्रीपर्यंत, घडीच्या पडद्याआड बसतो आणि बहुधा आईपासून आरंभ करून एकेका व्यक्तीविषयी, आयुष्याच्या एकेका कालखंडासाठी, तीनच प्रश्न विचारतो: तिच्याकडून काय मिळाले, तिला काय दिले, तिला कोणता त्रास दिला. मार्गदर्शक ठरावीक वेळाने येऊन ऐकतो, उपदेश करीत नाही. 'आई चांगली होती' असे मोघम उत्तर येथे अपुरे पडते. तिने कोणत्या वर्षी, कोणता डबा, किती लवकर उठून केला, हे आठवावे लागते. ही पद्धत पुढे जपानी तुरुंगांतही वापरली गेली. त्या व्यक्तीने साधकाला कोणता त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच वगळला आहे, कारण त्याचे उत्तर शोधण्यासाठी मनाला प्रशिक्षणाची गरज पडत नाही.

तथापि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, त्याच्या बाबतीत हा वगळलेला प्रश्न सोडून देता येत नाही. वेठबिगाराने धन्याच्या अन्नाचे, सुनेने छळणाऱ्या घराच्या आसऱ्याचे उपकार स्मरावेत, हा उपदेश समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला. त्यात 'केलेले' जाणायचे नव्हते, निम्मे विसरायचे होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डॅनियल ओकॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला देत कृतज्ञतेची सीमा सांगितली. देशाची आजन्म सेवा करणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण आत्मसन्मान किंवा राष्ट्राचे स्वातंत्र्य हे तिचे मोल असू शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हेच आंबेडकर १९४६मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ जोतीराव फुल्यांना अर्पण करतात. फुल्यांचे निधन १८९०चे आणि आंबेडकरांचा जन्म १८९१चा; दोघांची भेट कधी झाली नव्हती, देणाऱ्याला परत काही हवे नव्हते आणि घेणाऱ्याला ते देता येण्यासारखेही नव्हते.