नदीकाठाने चालणारी बहीण

कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये आदरणीय मूसा (अलै.) यांच्या मातेचा प्रसंग आहे. अल्लाहच्या आज्ञेने तिने तान्हे बाळ नदीत सोडले. वचनावर विश्वास होता, तरीही तिचे हृदय रिते झाले. अल्लाहने त्या व्याकुळतेला दोष दिला नाही. तिच्या हृदयाला आधार दिला.

कणा बाकलेल्या मुलीला शस्त्रक्रियेसाठी आत पाठवणाऱ्या आईबापांची हीच अवस्था असते. स्क्रू आणि सळ्या बसवून कणा सरळ करण्याचे काम अनेक तास चालते. अशा वेळी ‘दप्तराचे ओझे भोवले’, ‘नजर लागली’, ‘रडू नका, सब्र करा’ असे बोलून आपण त्यांचे दुःख वाढवतो. वाढत्या वयातील हा बाक बहुधा अज्ञात कारणाने येतो. दप्तराने नव्हे, आईच्या हयगयीनेही नव्हे. आणि अश्रू सब्रच्या विरुद्ध नाहीत, याकूब (अलै.) पुत्रवियोगात रडलेच होते.

मग आपण काय करावे? मूसांच्या बहिणीकडे पाहा. तिने उपदेश केला नाही. ती बाळाच्या मागोमाग गेली आणि योग्य वेळी उपयोगाचे तेवढेच बोलली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात जाणाऱ्या शेजाऱ्यासोबत पहाटेच्या लोकलमध्ये बसा. लागल्यास रक्त द्या. घरी राहिलेल्या भावंडांना जेवू घाला. मुलगी घरी परतल्यावरही महिनोन्‌महिने जपावे लागते; तेव्हाही विचारपूस करा.

दुआ अवश्य करा. पण लक्षात ठेवा, अल्लाहने त्या मातेला दिलेले वचन बहिणीच्या पावलांतून पूर्ण केले. आपल्या पावलांनाही ती तौफीक लाभो. आमीन.