चेटकीण आणि संशय

रत्नाकर मतकरींचें ‘अलबत्या गलबत्या’ 2018 सालीं रंगभूमीवर पुन्हा आलें, तेव्हां वैभव मांगले यांची चिंची चेटकीण पाहून मुलें भिण्याऐवजीं खदखदां हसलीं. आपल्या उपनगरांतील घरोघरीं आतां इंग्रजी वळणाच्या सौम्य रहस्यकथाहि वाचल्या जातात : लहानसें गांव, एक खून, आणि त्याचा छडा लावणारी मिस्किल चेटकीण. नंदुरबारच्या सातपुड्यांत बायकांना ‘डाकीण’ ठरवून छळल्याचे प्रकार अलीकडेहि घडले असतां ही करमणूक आपणांस शोभते काय?

मला वाटतें, शोभते. डाकिणीच्या आरोपांत निकाल आधींच लागलेला असतो. मूल दगावलें, गुरें मेलीं, कीं भगताला विचारावयाचें. तो नांव घेतो, तोच पुरावा. पुष्कळदां ती बाई विधवा असते व तिच्या नांवें तुकडाभर जमीन असते, हें सुज्ञांनीं लक्षांत घ्यावें. रहस्यकथेंत संशय साऱ्या गांवावर असतो, परंतु पुराव्यावांचून कोणी अपराधी ठरत नाहीं. आणि चेटकिणीस शोधक करणारा लेखक तर, जिच्यावर गांवानें बोट रोखलें असतें, तिच्याच हातीं पुरावा तपासण्याचें काम देतो.

करणीचा आळ घेऊन छळणें हा 2013 च्या कायद्यानें गुन्हा झाला. पण तो कायदा डोंगरांतल्या लोकांसाठीं, अशी आपली समजूत असते. अंधेरीच्या एखाद्या घरांत अंगठी हरवली तर पहिलें नांव मोलकरणीचें निघतें. चार दिवसांनीं ती गादीखालीं सांपडते. तोंवर मोलकरीण दुसरी आलेली असते.