मधला माणूस गेला, जबाबदारी कुणाची?

घरबसल्या भाजी मागवता येते, वीजबिल भरता येते, मुलांना गणिताचा धडा मोबाईलवर पाहता येतो. इंटरनेटने दूरचे जवळ आणले असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण हे करताना इंटरनेट आणखी एक काम गुपचूप करते. ते मधल्या माणसाला बाजूला सारते. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामधला दलाल, खातेदार आणि बँक यांच्यामधला कारकून, मूल आणि ज्ञान यांच्यामधला शिक्षक. हा मधला माणूस गेला तर बरेच झाले का? वाचकहो, या प्रश्नाचा आज थोडा विचार करू या.

प्रथम व्यापाराचे उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील शेतकरी सोयाबीन गाडीत भरून मंडीत न्यायचा. भाव कळायचा तो तिथे गेल्यावर. भाव पडलेला असला तरी माल परत नेणे परवडत नसे. ताटकळत थांबायचे, वजनातली घट सोसायची, पैशांसाठी पुन्हा खेपा घालायच्या. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने तिथे ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. विजेचा भरवसा नाही म्हणून सौरऊर्जेची सोय केली. मंडीतला भाव आता गावात कळू लागला. पटले तर माल कंपनीच्या केंद्रावर न्यावा, नाहीतर मंडी होतीच. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन व्हायचे आणि पूर्ण पैसे हाती पडायचे. भाव ठाऊक नसल्यामुळे होणारे नुकसान कमी झाले. हा एक प्रकारचा न्यायच होता.

परंतु या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग संगणकाचा नाही. ज्या शेतकऱ्याच्या घरी तो बसवला त्याला ‘संचालक’ म्हणत. त्याला जाहीर शपथ घ्यावी लागे की, मी साऱ्या गावाची सेवा करीन. पडद्यावरचे आकडे कुणालाही दाखवता येतात, पण ते खरे आहेत असे गावाला सांगणारा गावाच्या ओळखीचा हवा. उद्या काही चुकले तर त्याच्या दारात जाऊन विचारता आले पाहिजे. जुन्या अडत्यांपैकी काहींनाही कंपनीने ‘संयोजक’ म्हणून सोबत घेतले, कारण माल आणि माणसे त्यांना ठाऊक होती. थोडक्यात, मधला माणूस नाहीसा झाला नाही. तो उत्तरदायी झाला.

मात्र मंडीतले हमाल आणि मापाडी यांचे काय? जो माल मंडीत आला नाही, त्याची मजुरीही त्यांना मिळाली नाही. शेतकऱ्याला न्याय मिळाला याचा आनंद मानायचा, पण ज्याच्या पाठीवरचे पोते गेले त्याच्यासाठी शपथ कुणी घ्यायची? सोयीचा हिशेब मांडताना ही ओळ आपण सहसा कोरी सोडतो.

आता शिक्षणाकडे वळू. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला. मुलांना कुणी काहीच शिकवले नाही, तरी ती एकमेकांच्या मदतीने तो वापरू लागली. मग शिक्षक हवेत कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्यांचाच पुढचा प्रयोग पाहा. तामिळनाडूतील कलिकुप्पम या खेड्यात त्यांनी मुलांपुढे जैवतंत्रज्ञानाचा अवघड विषय ठेवला, तोही इंग्रजीत. सुरुवातीला गुण जवळजवळ शून्य होते. संगणकाच्या साहाय्याने मुले आपली आपण सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पोहोचली. पुढे तिथल्याच एका तरुणीला त्यांच्याजवळ बसवले. तिला त्या विषयातले काही येत नव्हते. तिने फक्त आजीसारखे मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, “अरे वा! हे कसे केलेस? मला पण दाखव ना.” गुण पन्नास टक्क्यांवर गेले.

या प्रयोगात माहिती इंटरनेटने दिली, आणि आपल्या शिकण्याचे कुणाला तरी अप्रूप आहे, हा दिलासा माणसाने दिला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा याची प्रचीती घरोघरी आली. कित्येक घरांत मुले तीन आणि फोन एक, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. ज्यांच्याकडे फोन होता त्यांनाही बाईंची ती एक नजर मिळत नव्हती, जी वर्गात शिरताच ओळखते की, आज हे पोर उपाशी आले आहे. आता तर निबंधही यंत्र लिहून देते. निबंध तयार होतो, पण मूल तयार होते का?

२००२ साली परमपीठाच्या सामाजिक संपर्क मंडळाने इंटरनेटच्या नीतीविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. इंटरनेटला घाबरू नका, पण ते वापरताना मोजमाप मात्र एकच ठेवा, माणूस आणि मानवी समाज, असा त्याचा आशय आहे. वेग किती वाढला, खर्च किती वाचला, हे प्रश्न नंतरचे. यात माणूस वाढला की पुसला गेला, हा प्रश्न पहिला.

ही जबाबदारी सरकारवर किंवा कंपन्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. त्यांची ती आहेच. पण मधल्या माणसाची थोडी जागा आपणही भरू शकतो. पार्सल घेऊन भर पावसात आलेल्या मुलाला पाणी विचारता येते. आठवड्यातून दोनदा तरी भाजी टोपलीवाल्या मावशीकडून घेता येते. बँकेचा संदेश वाचता न येणाऱ्या शेजारच्या आजोबांना तो वाचून दाखवता येतो, त्यांचा गुप्त क्रमांक न विचारता. आणि संध्याकाळी आपले मूल मोबाईलवर धडा पाहत असेल, तर विषय आपल्याला येवो न येवो, जरा त्याच्यामागे उभे राहून म्हणता येते, “मला पण दाखव ना.”

तेवढे आपल्याला नक्कीच येते.