उतरंड आणि मनोगत

कर्मचाऱ्यांचे मनोगत निनावी प्रश्नावलीद्वारे जाणून घेण्याची प्रथा मोठ्या कार्यालयांत आता रूढ झाली आहे. वरिष्ठ ऐकून घेतात काय, कामाचे श्रेय ज्याचे त्याला मिळते काय, असे प्रश्न त्यात असतात. मात्र निष्कर्ष कोणी पाहावेत, हे बहुधा अधिकाराची उतरंडच ठरवते. पथकप्रमुखाला आपल्या पथकापुरते, त्याच्या वरिष्ठाला हाताखालील सर्व पथकांचे आणि सर्वोच्च अधिकाऱ्याला सगळेच दिसते. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांच्या हाती अनेकदा काहीच येत नाही. हे न्याय्य आहे काय?

या व्यवस्थेमागे तर्क आहे. ज्याने दोष दूर करायचा, त्याला तो कळलाच पाहिजे. शेजारच्या पथकाची उणीदुणी वाचण्याचे इतरांना प्रयोजन नाही. परंतु निनावीपणाचे वचन येथेच पणाला लागते. २५ जणांच्या शाखेचा आणि तीतील २२ जणांच्या पथकाचा निष्कर्ष एकाच व्यक्तीपुढे असेल, तर उरलेल्या तिघांचे मत साध्या वजाबाकीने निघते. ब्रिटनच्या मुलकी सेवेत २००९ पासून असे सर्वेक्षण होते. तेथे दहापेक्षा कमी उत्तरे आलेल्या गटाचे निष्कर्ष वेगळे दिले जात नाहीत, आणि खातेनिहाय निष्कर्ष जाहीर होतात.

आपल्याकडे गोपनीय अहवालाचा अनुभव आहे. देव दत्त यांना एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ आवश्यक होता, आणि तो शेरा त्यांना कळवलाच गेला नव्हता. प्रतिकूल असो वा अनुकूल, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला.

मग कनिष्ठांचे मत वरिष्ठालाही तसेच कळावे, असे कोणी म्हणेल. कळावे, पण दोन्ही बाजू समान नाहीत. निष्कर्ष वाचणाराच उत्तर देणाऱ्याचा अहवाल लिहीत असतो. म्हणून वाचण्याचा अधिकार पदाच्या उंचीने नव्हे, कर्तव्याने मोजावा: ज्याला जेवढे सुधारता येते, तेवढेच त्याने पाहावे, लहान गटांची मते मोठ्या गटात मिसळावीत. आणि एकत्रित निष्कर्ष, त्यावर काय केले यासह, उत्तर देणाऱ्यांना सांगावा. त्यात एखाद्या वरिष्ठाची अप्रतिष्ठा होईलही. तरी ज्यांनी विश्वासाने मन मोकळे केले, त्यांचे देणे आधी फेडले पाहिजे.